मागच्या बाकावरचा धूर

आमच्या दाजींना स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं देवाची शपथ घेऊन सांगणारा माणूस अख्ख्या केज तालुक्यात सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काचं आणि माझं सासर एकाच गावात, नांदूरघाटात, मध्ये फक्त एक बोळ. त्यामुळे दाजींचं उठणं मी रोज पाहायची, बसणं मात्र अंदाजानेच ठाऊक होतं. जेवायला बसले, पहिला घास तोंडात आणि दुसरा हातात असला, की त्यांना कुठूनतरी काहीतरी ऐकू यायचं आणि हातातला घास तसाच घेऊन ते उंबऱ्याबाहेर पडायचे. अक्का ताटावर दुसरं ताट पालथं घालायची आणि आपल्या कामाला लागायची. त्यांच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव पाटावरून उतरले, मांडवाच्या खांबाला टांगलेल्या गॅसबत्तीला दोनचार पंप मारले, तिची फुरफुर थांबल्याची खात्री केली आणि मुंडावळ्या सावरत परत आले. तोवर भटजींनी एकच श्लोक दोनदा म्हणून वेळ मारून नेली होती. मी करवली म्हणून अक्काच्या मागे उभी होते. अंतरपाटाच्या पलीकडे काय चाललंय ते अक्काला दिसत नव्हतं, पण वऱ्हाडाचं हसू ऐकून तिने मान वळवून मला विचारलं होतं, "पळून गेले का ग?"

दाजींचा करडईच्या तेलाचा व्यापार होता आणि त्यातलं बरंचसं तेल गावातल्या बिजागऱ्यांनाच जात असेल. एक छोटी चोचीची तेलदाणी त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असायची, आणि तो खिसा कायम काळा. मोठ्या आवाजाचं त्यांना काही वाटत नसे. शेजारी सनई-चौघडा चालू असताना ते हिशेबाची बेरीज बिनचूक करत. पण कुठे कुरकुर, टकटक, फसफस झाली की त्यांच्या अंगाला मुंग्या येत. बोलता बोलता एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. ऐका." मग समोरच्याने श्वास रोखून ऐकायचं, आणि त्याला काही ऐकू यायच्या आत दाजी खाली वाकलेले असायचे. एकदा तहसीलदारांच्या हाताखालचे पेशकारसाहेब बैठकीत येऊन काही गंभीर गोष्ट सांगत होते. सरकारी उर्दूत, शब्द तोलून मापून. दाजींनी बोट वर केलं, गालिच्यावर गुडघे टेकले आणि साहेबांच्या पायातला जोडा काढून घेऊन त्याच्या शिवणीत तेल सोडलं. आम्हा आत बसलेल्या बायकांना वाटलं, आता काही खैर नाही. पण साहेब दहा पावलं चालून पाहून आले, खूश झाले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी घरातले सगळे कुरकुरणारे जोडे पोत्यात भरून पाठवून दिले.

अशा माणसाच्या हातात मोटार पडावी हे त्या मोटारीचं नशीब की दाजींचं, ते मला आजवर उमगलेलं नाही. रस्त्याच्या कामावरचे एक सरकारी इंजिनिअर बदली होऊन हैदराबादला निघाले होते, त्यांच्याकडून दाजींनी ती आणली. बदल्यात आपला टांगा आणि घोडा दिला. मोटार जुनी होती. वर कापडी टप, बाजूंना बटणांनी बंद करायचे पडदे, त्या पडद्यांना अभ्रकाच्या इवल्या खिडक्या. हँडल मारून सुरू करायची, पेट्रोलचे डबे परळीहून आणायचे. गावात शिरली तेव्हा बैल बुजले आणि म्हातारी माणसं ओट्यावर उभी राहिली. दाजींना मात्र आनंदाचा एक दिवसही मिळाला नाही, कारण पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बोट वर केलं. मोटारीत ऐकण्यासारखे आवाज इतके होते की त्यातला कुठला आधी धरावा हे त्यांना कळेना. ते रस्त्याने निघाले की मैलाला एकदा थांबत, उतरत, बोनेट उघडत, कान लावत, परत बसत. पायी निघालेला माणूस त्यांच्याआधी पोचायचा आणि वर विचारायचा, "शेठ, आज लई उशीर?"

अक्काच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. दाजी त्यांचे एकुलते, म्हणजे उरलेले एकुलते. दाजींच्या आधी त्यांना एक मुलगी होती. प्लेगच्या साथीत सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं होतं, तेव्हा ती सहा वर्षांची पोर गेली. दाजी तेव्हा अंगावर पीत होते. हे एवढंच मला अक्काकडून कळलेलं होतं, आणि अक्काला तरी याहून जास्त ठाऊक नव्हतं. त्या घरात त्या मुलीचा विषय निघत नसे. तिचं नावही कोणी घेत नसे. आत्याबाई कमी बोलणाऱ्या, काटक, सकाळपासून अंधार पडेपर्यंत कामात. त्यांच्या मनात एकदा नारायणगडाला दर्शनाला जाऊन यायचं होतं. दाजी म्हणाले, "माय, बैलगाडीत हाडं मोडायची कावून? कशापायी? मोटारीनं नेतो." थंडीचे दिवस होते. अक्काच्या घरी शेतावरची माणसं जेवायला होती, म्हणून आत्याबाईंच्या सोबतीला मी निघाले. वारा झोंबेल, धूळ उडेल, शिवाय बायामाणसं रस्त्याने उघडी कशी बसणार, म्हणून दाजींनी मागचे सगळे पडदे बटणं लावून घट्ट बंद केले.

नेकनूर मागे पडेपर्यंत दाजी आठ वेळा उतरले असतील. आधी मी मोजत होते, मग कंटाळून सोडलं. डोकं दुखायला लागलं होतं. पेट्रोलचा वास सोसत नसेल, असं मला वाटलं. थोड्या वेळाने दुखणंही बोथट झालं. हातपाय जड झाले, पण ते आपले नाहीतच असं वाटायला लागलं. आत्याबाई डोळे मिटून टेकल्या होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्या हलकेच बोलायला लागल्या. "आलीस का ग बाई," त्या म्हणाल्या. "ये, हितं बस. किती वाळलीस." मांडीवर कोणाचं तरी डोकं असावं तसा त्यांचा हात फिरत होता. मला ते विचित्र वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं असेल, आवाज निघाला नाही.

तेवढ्यात मोटार पुन्हा थांबली. दाजींना पुढून कुरकुर ऐकू आली होती आणि ती मागच्या बाजूला कशी वाटते हे पाहायला त्यांनी पडदा उघडला, तर आत धुराचा वास कोंडलेला आणि आम्ही दोघी कलंडलेल्या. त्या दिवशी त्यांना एक मैल जरी निवांत गाडी हाकता आली असती, तर हे सांगायला मी नसते. त्यांनी आईला दोन्ही हातांवर उचलून बांधावरच्या बाभळीखाली नेलं, मग मला ओढत नेलं. मी उलटी केली आणि मला बरं वाटलं. आत्याबाईंना मात्र बराच वेळ शुद्ध आली नाही. दाजी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते, उपरण्याने वारा घालत होते, "माय, ए माय" म्हणत होते, आणि मध्येच उठून चार पावलं जाऊन परत येत होते. शेवटी आत्याबाईंनी डोळे उघडले. मुलाकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो रागाचा. "कावून उठीवलंस रं मला?"

पडदे वर गुंडाळून आम्ही घरी परतलो. नारायणगड राहिलाच. बाभळीजवळच्या शेतातल्या बायांनी सगळं पाहिलं होतं, आणि आमच्या आधी बातमी गावात पोचली असावी. शेठच्या मोटारीत म्हातारीला मेलेली लेक दिसली. मोटार गडाच्या वाटेवर होती ना, मग दिसणारच. दुसऱ्या दिवसापासून बायका हळदकुंकू घेऊन यायला लागल्या. सुरुवातीला दाजी चिडत, मग लपत. एक बाई मात्र परळीच्या बाजूच्या खेड्यातून चालत आली होती. पायांना धूळ, ओटी रिकामी. तिला फक्त पडदे लावून घटकाभर मागे बसायचं होतं. दाजींनी हात जोडले. म्हणाले, "बाई, त्यो धूर हाय. देव न्हाई." ती म्हणाली, "धूर तर धूर. माझं लेकरू दिसलं म्हंजे झालं."

अक्काने त्या बाईला जेवू घालून बैलगाडीने परत पाठवलं. दाजींनी मोटारीचं हँडल काढलं आणि उशाखाली ठेवलं. त्याच दुपारी आत्याबाई दिसेनात म्हणून आम्ही शोधायला लागलो, तर त्या मोटारीत मागच्या बाकावर बसलेल्या. पडदे त्यांनी आपल्या हाताने लावून घेतले होते. दाजी म्हणाले, "माय, मोटार बंद हाय." त्या म्हणाल्या, "मंग चालू कर की."

त्यानंतर दाजींच्या पायाला जी भिंगरी लागली, तिच्यापुढे आधीची सगळी धावपळ म्हणजे आराम म्हणावा. तेलाचा व्यापार मुनीमजींवर सोडला. धूर कुठून येतो एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात. इंजिनातला धूर एका लोखंडी नळीतून मोटारीच्या पोटाखालून मागे जातो आणि शेपटाशी बाहेर पडतो, हे त्यांनी अक्काला, मला, न्हाव्याला आणि दारात आलेल्या वासुदेवालाही समजावून सांगितलं. म्हणजे ती नळी वाटेत कुठेतरी फुटलेली असणार. पण कुठे? पहिल्या दिवशी मोटार तापवून त्यांनी नळीला हात लावून पाहिला आणि चारी बोटं भाजून घेतली. दुसऱ्या दिवशी उदबत्ती पेटवून ती नळीच्या कडेकडेने फिरवली, कारण भोक असेल तिथे उदबत्तीचा धूर हलणार. शेठ गुडघ्यावर बसून घुरघुरणाऱ्या मोटारीला उदबत्ती ओवाळतायत हे बोळातल्या माणसांनी पाहिलं आणि झालं, आठदहा जण हात जोडून मागे उभे राहिले. एकाने तर घंटाही आणली. दाजी वळून म्हणाले, "घंटा बंद कर बे, आवाज ऐकू दे."

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पहिला सुगावा लागला. थंडगार मोटार सुरू केली की पुढे इंजिनाजवळ टकटक होते आणि लोखंड तापलं की ती आपोआप बंद पडते. तापून जोड फुगतो, फट मिटते, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते चूळ न भरताच आमच्या दारात सांगायला आले होते. नळी जिथे इंजिनाला जोडतात तिथली मधली चकती झिजली होती. तांबटाकडून त्यांनी तांब्याची नवी चकती कापून घेतली, बसवली, बोल्ट आवळले. टकटक गेली. दाजींनी त्या दिवशी सगळं जेवण पाटावर केलं, असं अक्का सांगते. पण खात्री कशी करायची? दुपारी त्यांनी हँडल मारून मोटार सुरू केली, मागे जाऊन बसले आणि पडदे लावून घेतले.

मी वाळवण घालत होते. बराच वेळ मोटारीची घरघर ऐकून अक्का पदराला हात पुसत बाहेर आली, तिने मोटारीकडे पाहिलं आणि धावली. तिने बटणं काढली नाहीत, पडदाच फाडला. दाजींचा चेहरा लालबुंद, डोळे जड. म्हणाले, "हाय अजून. थोडा हाय." अक्काने त्यांना ओढून पायरीवर बसवलं. ती कधी त्यांना वर तोंड करून बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तुमी आत्याबाईंच्या लेकीला भेटाया निघालते का? मला सांगून तरी जायाचं." मग ती आत गेली आणि हातात आत्याबाईंचं पांढरं लुगडं घेऊन बाहेर आली. "सगळ्या मोटारीला उदबत्ती फिरवली," ती म्हणाली, "ह्ये कोणी बघितलं न्हाई. त्या दिवशीचं लुगडं हाय. काठाला काजळी लागली, तीनदा धुतलं तरी निघंना. आत्याबाई आता चुलीपुढं बसत न्हाईत. मंग ही काजळी पायापाशी कुठून आली?"

दाजी डुलत डुलत उठले, मोटारीत शिरले आणि मागच्या बाकापुढची पायाखालची फळी उचकटली. खाली नळी होती, आणि नळीच्या वरच्या अंगाला बोटभर लांब चीर, तिच्याभोवती पंख्यासारखी पसरलेली काजळी. बाहेरून उदबत्ती तिथवर पोचतच नव्हती. दाजी त्या चिरेकडे बघत होते आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे.

चीर सापडली तरी ती बुजेना. आधी त्यांनी चुना आणि गूळ कालवून लावला. नळी तापल्यावर गूळ करपला आणि सगळ्या बोळात गुऱ्हाळाचा वास सुटला. मग डिंक आणि विटेचा भुगा. तो वाळला, तडकला, खाली पडला. आत्याबाई जोत्यावर बसून हे सगळं बघत होत्या, बोलत नव्हत्या. पन्नास वर्षं चुली घालणारी बाई, आगीपुढे कुठली माती टिकते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दाजींनाही ते माहीत होतं. पण आईला ती चीर बुजायला नकोय हेही माहीत होतं, म्हणून ते विचारत नव्हते. शेवटी हात धुऊन ते आईसमोर येऊन उभे राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत म्हणाले, "माय, माती सांग की."

"कावून बुजवतूस?" आत्याबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत कधी सपनात सुद्धा आली न्हाई ती. तुझ्या मोटारीत आली."

"ती आली न्हाई, माय. तू तिच्याकडं चालली व्हतीस."

आत्याबाईंनी मान फिरवून मोटारीकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "त्या बाभळीखाली तू डोळं उघडंनास. मी हाका मारत होतो. तू हसत होतीस, माय, आन मी हाका मारत होतो." मग ते वळले आणि मोटारीशी जाऊन उगाचच एक बोल्ट आवळायला लागले, जो आधीच घट्ट होता.

संध्याकाळपर्यंत त्या तशाच बसून होत्या. मग उठल्या, पदर खोचला, आणि मला म्हणाल्या, "पोरी, माळावरच्या वारुळाची माती आण. वरची नको, आतली." त्यांनी ती चाळली, तशीच चाळलेली राख घातली, मीठ घातलं, शेळीचे केस बारीक कातरून घातले आणि कणीक तिंबावी तशी तळव्याने तिंबत बसल्या. मध्ये एकदा थांबून त्यांनी डोळे पुसले, तर कपाळाला माती लागली. चिरेवर ती माती त्यांनी स्वतः थापली. दुसऱ्या दिवशी तांबटाने तांब्याचा पत्रा लाल तापवून, पाण्यात बुडवून मऊ केला, मातीवरून नळीभोवती गुंडाळला आणि दोन टोकांना लोखंडी पट्ट्या घालून बोल्ट आवळले.

"आता चार दिस हात लावायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "सावलीत वाळू दे." दाजींच्या आयुष्यातले ते सर्वांत कठीण चार दिवस. पत्र्याच्या कडेने डोकावणारी माती वाळली का, हे बघायला ते पहिल्याच दिवशी अकरा वेळा गेले आणि तिला अंगठ्याचा खड्डा पाडून आले. आत्याबाईंनी तो बुजवला. दुपारी दुसरा खड्डा. मग त्या हातात काठी घेऊन मोटारीशेजारी बाज टाकून बसल्या. दाजी बोळाच्या तोंडाशी येत, काठी बघत, परत जात. तिसऱ्या दिवशी अक्काने त्यांना करडईचा माल बघायला केजला पिटाळलं. तिथे त्यांनी कोणाच्या तरी रहाटाची कप्पी खोलली म्हणे.

पाचव्या दिवशी मोटार सुरू केली. पत्र्याला साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. फळीच्या फटीशी उदबत्ती धरली, तिचा धूर सरळ वर गेला. दाजींनी बोट वर केलं आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मोटार चालू होती आणि ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

मग आम्ही नारायणगडाला गेलो. या खेपेला अक्काही आली. पडदे काढून घरीच ठेवले होते. आत्याबाईंना दाजींनी पुढे आपल्या शेजारी बसवलं, आम्ही दोघी बहिणी मागे. जाताना आत्याबाई सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. गडावर त्यांनी दर्शन घेतलं, नारळ फोडला, प्रसाद पदरात बांधला. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. आधी त्या मोटारीत दोन माणसांना ओरडून बोलावं लागायचं. आता पुढचं बोलणं मागे स्वच्छ ऐकू येत होतं. आत्याबाईंनीच सुरुवात केली. "तुला ती आठवत आसंल का रं?"

"न्हाई, माय."

"कशी आठवंल. अंगावर पीत व्हतास." मग त्या म्हणाल्या, "गोदी नाव व्हतं तिचं." अक्काने माझा हात धरला. इतकी वर्षं त्या घरात राहून ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. "तुला खाली ठेवू देत नव्हती. एवढीशी ती, आन एवढा जड तू. झोपडीपुढं तुला कडंवर घेऊन फिरायची. मी म्हणायची, पाडशील. ती म्हणायची, न्हाई पाडत, त्यो मला ओळखतो."

दाजी म्हणाले, "मग?"

आत्याबाई सांगत गेल्या. तिला काय आवडायचं, ती कोणाला भ्यायची, परकर कसला होता, शेवटच्या दिवशी तिने काय मागितलं होतं. एक गोष्ट संपली की दाजी म्हणायचे, "मग?" आणि दुसरी सुरू व्हायची. दाजींचे हात चाकावर होते आणि मान किंचित आईकडे कललेली. आत्याबाई पुढे तीनच वर्षं जगल्या. दाजीही आता नाहीत. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा ती मोटार भंगारात गेली. पण त्या दिवशी नेकनूरच्या पुढे रस्ता फुटतो तिथे आम्ही आलो, तेव्हा आमच्या गावाचा जवळचा रस्ता डाव्या हाताला स्पष्ट दिसत होता. आत्याबाईंचं बोलणं चालूच होतं. दाजींनी मोटार हळू केली, डावीकडे एकदा पाहिलं, आणि सरळ लांबच्या रस्त्याने घेतली.